पाऊण तासाची मीटिंग, दोन हळदीकुंकवं आणि हॉल बुकिंगचं ॲप

सोसायटीच्या हॉलसाठी बुकिंगचं ॲप घ्यावं का, असं विचारणारे फोन गेल्या महिन्याभरात इतके आले की प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. आमची सोसायटी धायरीत. चार विंग, ११२ फ्लॅट, तळमजल्यावर एक मोठा हॉल आणि क्लब हाऊसमध्ये दोन लहान खोल्या. मी खजिनदार. त्याआधी २९ वर्षं एसटीत, त्यातली शेवटची ११ स्वारगेटला वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची आणि कधी हलवायची, यावर माझं घर चाललं. त्यामुळे हॉलच्या बुकिंगसाठी दरसाल पैसे मोजायचे म्हटल्यावर सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती.

ॲप नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतलं. वर्षाचे ६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०८०. नाव लिहीत नाही. कंपनी लहान आहे, पोरं कष्टाळू आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते तुम्ही कुठल्याही ॲपच्या डेमोला बसून विचारू शकता.

वरवरचं आधी संपवतो. ॲप पटकन उघडतं, माझ्या जुन्या फोनवरही चालतं. मराठी भाषांतर कामचलाऊ. 'कॅन्सल'च्या बटणावर 'रद्दी करा' लिहिलंय आणि बी विंगच्या काकू ते वाचून अजून हसतात. पावती व्हॉट्सॲपवर जाते, भाड्याचा हिशेब महिनाअखेरीस एक्सेलमध्ये निघतो. खजिनदार म्हणून मी एवढ्यावरही खूश राहिलो असतो. पण पैसे घेतात ते 'वाटप' नावाच्या बटणाचे, आणि पुढची सगळी रामकहाणी त्या बटणाची आहे.

पूर्वी काकूंकडे दोनशे पानी वही असायची. जो आधी येईल त्याचं नाव आधी. वर्षातले अकरा महिने ही पद्धत झकास चालते, कारण हॉल रिकामाच पडलेला असतो. वाजतं ते संक्रांत ते रथसप्तमी. यंदा १४ ते २५ जानेवारी, म्हणजे मध्ये रविवार दोनच: १८ आणि २५. बहुतेक बायका नोकरीवाल्या, हळदीकुंकू रविवारी नाही तर कधी करणार? ॲपवाल्यांचं म्हणणं असं की अर्ज आधी गोळा करा, एका ठरलेल्या तारखेला 'वाटप' दाबा, हॉल कोणाला ते यंत्र ठरवेल. कुणावर आळ नको. हे मला पटलं. आधी येईल त्याला देण्यात खरी अडचण ही असते की पहिल्याच दिवशी कोणी सबंध दिवस अडवून बसला, तर नंतर आलेल्या सहा जणांचं काही चालत नाही, आणि दिलेला शब्द मागेही घेता येत नाही.

१८ तारखेसाठी हॉलचे १० अर्ज आले. ७ ते २ आरोग्य तपासणी शिबीर, हे बाहेरच्यांचं. ७.३० ते ८.३० योगवर्ग. ९ ते १०.३० मुलांची चित्रकला स्पर्धा. १० ते १ डी विंगमधलं बारसं. १०.३० ते १२.३० भजनी मंडळ. १ ते २.३० तबल्याची शिकवणी. संध्याकाळी ४ ते ६ ए विंगचं हळदीकुंकू, ५.४५ ते ६.३० आमची कमिटी मीटिंग, ६.१५ ते ८.१५ सी विंगचं हळदीकुंकू, आणि रात्री ८.३० ते १० एक वाढदिवस.

डिसेंबरच्या ५ तारखेला रात्री सेक्रेटरींच्या घरी बसून आम्ही बटण दाबलं. सहा अर्ज हिरवे झाले, चार लाल. लाल झालेल्यांत शिबीर आणि बारसं होतं, आणि दोन्ही हळदीकुंकवं. हिरव्यांत कमिटीची मीटिंग होती.

पाऊण तासाच्या मीटिंगनं एकीकडे ए विंग उडवली, दुसरीकडे सी विंग. मीटिंग ५.४५ ला सुरू होते म्हणून ६ ला संपणारं हळदीकुंकू नको, ६.३० ला संपते म्हणून ६.१५ चं नको. 'कमिटीनं स्वतःची मीटिंग ठेवून दोन विंगांचं वाण कापलं' ही बातमी लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत सगळीकडे झाली. मी मीटिंग रद्द करून टाका म्हणालो. सेक्रेटरी म्हणाले, मग यंत्र कशाला घेतलं?

लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि सेटिंगच्या तिसऱ्या पानावर जाऊन 'वाटपाचा नियम' नावाची ओळ दाखवली. तिथं सहा नियम होते: आधी आलेला आधी, आधी सुरू होणारा आधी, लहान आधी, कमी टक्कर आधी, आधी संपणारा आधी, जास्त भाडं आधी. कंपनीनं आमच्या माथी 'लहान आधी' मारून ठेवला होता. डेमोला याबद्दल अवाक्षर नाही. ॲपवर माझा पहिला मोठा राग हाच. ज्या ओळीवर सगळं वाटप उभं आहे ती तिसऱ्या पानावर दडवायची, आणि रंग बदलायचं बटण मात्र पहिल्या पानावर.

मग आम्ही दोघं रात्री जेवणानंतर तेच १० अर्ज एकेका नियमातून काढत बसलो.

'आधी सुरू होणारा आधी' लावला तर ७ वाजताच्या शिबिरानं २ वाजेपर्यंतचं सगळं गिळलं आणि एकूण कार्यक्रम बसले ४. 'लहान आधी'चे ६ तर समोर होतेच. 'आधी संपणारा आधी' लावल्यावर योग, चित्रकला, भजन, तबला, दोन्ही हळदीकुंकवं आणि वाढदिवस, असे ७ बसले. मीटिंग आपोआप बाहेर. 'कमी टक्कर आधी'नंही ७ च दिले, आणि खरं सांगायचं तर मला तोच नियम मनापासून आवडला होता. ज्याचं कुणाशी भांडण नाही त्याला आधी बसवा, यात वावगं काय? लेकीनं कागद ओढला आणि अकरा अर्जांचं एक चित्र काढलं. वर ओळीनं चार कार्यक्रम, एकमेकांना न लागणारे. त्यातल्या मधल्या दोघांवर पाय ठेवून बसलेला एक पाचवा. पहिल्या-दुसऱ्याच्या सांध्यावर तीन सारखे अर्ज, तिसऱ्या-चौथ्याच्या सांध्यावर आणखी तीन. सगळ्यात कमी टकरी त्या पाचव्याच्या, दोनच. म्हणून नियम त्याला पहिला उचलतो, मधले दोघं जातात, आणि चार बसायचे तिथं तीन बसतात. साधूच्या वेशात आलेला रावण निघाला तो नियम.

या सगळ्या नियमांना त्यांच्या अभ्यासात 'ग्रीडी' म्हणतात म्हणे. मी त्याला अधाशी म्हणतो. समोर आलेलं उचलायचं, पुन्हा मागे वळून बघायचं नाही, ताटात काय उरेल याचा विचार करायचा नाही. अधाशीपणानं माणसाचं भलं होत नाही असं आपण पोरांना शिकवतो, आणि इथं सहापैकी एक अधाशी नियम असा निघाला की तो कधीच चुकत नाही. रीत एवढीच: सगळे अर्ज संपण्याच्या वेळेनं लावा, पहिला घ्या, त्याला टक्कर देणारे खोडा, उरलेल्यांतला पहिला घ्या, आणि असंच शेवटापर्यंत. लेकीला हे तोंडपाठ होतं, कारण प्रोग्रॅमिंगचे प्रश्न सोडवायला देणाऱ्या सीएसईएस नावाच्या फुकट संकेतस्थळावर 'मूव्ही फेस्टिव्हल' म्हणून हाच प्रश्न आहे आणि तिनं तो पहिल्या वर्षाला सोडवला होता. तिथं उदाहरणाला तीन सिनेमे आहेत: ३ ते ५, ४ ते ९, ५ ते ८. जास्तीत जास्त किती पूर्ण बघता येतील? दोन, पहिला आणि तिसरा. प्रत्यक्ष तपासणीत सिनेमे दोन लाखांपर्यंत असू शकतात आणि उत्तर एका सेकंदात द्यावं लागतं. कामाचा भार सगळा लावून घेण्यातच, पुढे एकदा वरून खाली बोट फिरवलं की झालं.

पण मी नियंत्रक माणूस. सात आले म्हणजे आठ येणारच नाहीत, हे कशावरून? उद्या डी विंगमधला कोणी शहाणा आठ बसवून दाखवील आणि खजिनदाराला हिशेब येत नाही म्हणेल.

लेकीनं आधी पुस्तकी उत्तर दिलं. समज, त्या शहाण्याकडे आठांची यादी आहे. त्याचा पहिला कार्यक्रम आपल्या पहिल्याच्या आधी संपूच शकत नाही, कारण आपण सगळ्यात आधी संपणारा उचललाय. मग त्याचा पहिला काढून तिथं आपला ठेव; त्याच्या पुढच्यांना धक्का लागत नाही. आता दुसऱ्याला तेच कर. असं करत गेलं की त्याची यादी आपल्यासारखीच होत जाते, आणि आपले सात संपल्यावर आठवा उरला असता तर आपल्या नियमानं तो घेतला नसता का? मला पटलं. तरी नोटीस बोर्डावर लावण्याजोगं हे नाही, एवढंही कळलं. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीवर बसलेल्याला एक कळतं, ऐकणारा तिसऱ्या वाक्याला निघून गेलेला असतो.

तेव्हा तिनं दुसरं सांगितलं, आणि ते मी मोठ्या अक्षरात लिहून लिफ्टशेजारी लावलं. त्या रविवारी हॉलमध्ये सात वेळा डोकावा: ८.२९, १०.२९, १२.२९, २.२९, मग संध्याकाळी ५.५९, ८.१४ आणि ९.५९. दहांपैकी कुठलाही कार्यक्रम घ्या, यांपैकी एका क्षणाला तरी तो चालू असणारच. शिबीर ८.२९ ला सापडतं, बारसं १०.२९ ला, मीटिंग ५.५९ ला. डोकावायच्या वेळा सात, आणि एका वेळी हॉलमध्ये कार्यक्रम एकच. मग आठवा कुठून आणणार? या वेळा काही हवेतून काढलेल्या नाहीत, निवडलेले सात कार्यक्रम ज्या क्षणी संपतात त्याच्या एक मिनिट आधीच्या आहेत. त्या कागदावर चार महिन्यांत एकानंही शंका काढलेली नाही. ॲपनं हे असं कारण पडद्यावर दाखवलं असतं तर मी आणखी हजार रुपये दिले असते. ते फक्त 'उपलब्ध नाही' म्हणतं, लाल अक्षरात.

'लहान आधी'वर मात्र फार तोंडसुख घेऊ नये, असं लेकीचं मत. तो कितीही फसला तरी जास्तीत जास्त जितके बसले असते त्याच्या निम्म्याखाली जात नाही. कारण लहान कार्यक्रम त्या जास्तीत जास्तच्या यादीतल्या फार तर दोघांना धक्का देऊ शकतो, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. तिसरा त्याच्या पोटात बसत असता तर तोच जास्त लहान ठरला असता आणि आधी उचलला गेला असता. आमच्या मीटिंगनं नेमके दोघंच उडवले होते. 'आधी सुरू होणारा'ला असा तळच नाही. सकाळी ६ ते रात्री १० चा एक अर्ज आला की दिवस संपला.

आता झाडूचा प्रश्न. चित्रकला १०.३० ला संपते, भजन १०.३० ला सुरू होतं, आणि ॲप याला टक्कर मानत नाही. गणितात बरोबर आहे ते; सिनेमाच्या उदाहरणातही ५ ला संपणारा आणि ५ ला सुरू होणारा दोन्ही बघता येतात. पण वॉटर कलरचे डबे उपडे पडलेल्या सतरंज्यांवर मृदंग घेऊन कोणी बसत नाही. सफाईच्या मावशींनी मला स्पष्ट विचारलं, मी झाडू मारू कधी, साडेदहाला का साडेदहाला? दोन कार्यक्रमांमध्ये मोकळा वेळ सोडायची सोय ॲपमध्ये नाही. कंपनीला कळवलं, 'आपली सूचना नोंदवली आहे' असं उत्तर आलं. तोवर मी स्वतःच प्रत्येक अर्जाची संपण्याची वेळ १५ मिनिटं पुढे टाकून भरतो. तसं केल्यावर १८ तारखेचे सातांचे सहा झाले, भजन बाहेर पडलं. मग मंडळाच्या आजोबांना फोन केला, १०.४५ ला बसाल का? बसतो म्हणाले. १०.४५ ते १२.४५, वर पंधरा मिनिटं म्हणजे १, आणि १ ला तबला सुरू. इतकं चपखल बसलं की मला शेवटची गाडी वेळेवर सुटल्यासारखं वाटलं. असा फोन करायची बुद्धी कुठल्याच ॲपला नसते. अर्ज भरून घेताना 'अर्धा तास इकडे-तिकडे चालेल का' एवढा एक चौकोन ठेवला असता तरी चाललं असतं.

बरोबरीच्या वेळेची आणखी एक गंमत. दोन कार्यक्रम एकाच वेळी संपत असतील तर कुठलाही घेतला तरी संख्या तीच येते, म्हणून ॲप बिनदिक्कत नावाच्या अक्षरानुसार लावतं. परिणाम असा की बरोबरी झाली की ए विंग जिंकते. दोनदा योगायोग म्हणून सोडलं, तिसऱ्यांदा डी विंगवाल्यांनी पकडलं. आता बरोबरीला आम्ही काकूंसमोर चिठ्ठी काढतो.

खोल्यांचा भाग हा खरा वाया गेलेला पैसा. साधा प्लॅन ३,५०० चा होता, एका हॉलचा. आम्ही ६,००० चा घेतला कारण त्यात अनेक खोल्यांचं वाटप आहे. प्रश्न इथं उलटा असतो: कुणालाच नाही म्हणायचं नाही, खोल्या कमीत कमी किती लागतील ते सांगा. हे मला कोणी शिकवायला नको. स्टँडवर एका वेळी जास्तीत जास्त जितक्या गाड्या उभ्या असतात तितके फलाट लागतात; त्याहून कमीत भागत नाही आणि नीट लावलं तर जास्त लागत नाहीत. गाडी येते तशी घ्यायची, रिकामा फलाट असेल तिथं लावायची. यायच्या क्रमानं, जायच्या नव्हे. ॲप मात्र इथंही संपण्याच्या वेळेनं लावतं. एका हॉलला जो नियम देव आहे तोच इथं दगड ठरतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी क्लब हाऊसच्या दोन खोल्यांसाठी चार अर्ज होते: ७ ते १०, ८ ते ९, ९.३० ते १ आणि ११ ते १२. कुठल्याही क्षणी दोनपेक्षा जास्त चालू नाहीत, म्हणजे दोन खोल्या पुरतात. ॲपनं संपण्याच्या क्रमानं घेतले: ८-९ ला पहिली खोली, ७-१० ला दुसरी, ११-१२ परत पहिलीत, आणि ९.३०-१ वाल्याला 'तिसरी खोली आवश्यक'. सुरुवातीच्या क्रमानं घ्या: ७-१० पहिलीत, ८-९ दुसरीत, ९.३० ला दुसरी मोकळी आहे तिथं तो, ११ ला पहिली मोकळी आहे तिथं चौथा. संपलं. मी हे काकूंच्या वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत केलं. कंपनीच्या पोरानं फोनवर ऐकून घेतलं, शांत झाला, आणि म्हणाला, काका, तुम्ही आधी कुठं होता?

तसं १८ जानेवारीचे दहाही अर्ज तीन जागांत बसतात, कारण सकाळी १० नंतर एका वेळी तीनच चालू असतात, आणि आमच्याकडे हॉल धरून जागा तीनच. पण क्लब हाऊसच्या खोलीत बारा खुर्च्या मावतात. तिथं बारसं कोण करणार? ॲपला सगळ्या खोल्या सारख्या वाटतात. स्वारगेटलाही सगळे फलाट कागदावर सारखे होते, पण लांब पल्ल्याची गाडी कुठं उभी करायची हे पोर्टरलाही ठाऊक असायचं.

भाड्याची बाजू खजिनदार म्हणून सांगितलीच पाहिजे. आमचा दर सभासदांना तासाला ३००, बाहेरच्यांना १,०००. योग, भजन, मुलांच्या स्पर्धा आणि मीटिंग फुकट. सात कार्यक्रम बसवून त्या रविवारी आले २,१०० रुपये. शिबीर घेतलं असतं तर त्याचेच ७,००० आणि दोन्ही हळदीकुंकवं व वाढदिवस धरून ८,६५०. म्हणजे 'आधी संपणारा' हा नियम डोकी मोजतो, पैसे नाही. आमच्या सर्वसाधारण सभेनं संक्रांतीच्या काळापुरती डोकी मोजायचं ठरवलं, ते मला मान्य आहे, पण ॲप हे विचारतही नाही.

'जास्त भाडं आधी' नियम त्यासाठीच आहे, असं कंपनी म्हणते. त्याचाही भरवसा नाही. २५ जानेवारीला बाहेरच्यांचे चार अर्ज होते, त्यांवर तो लावून बघितला: ८ ते १०.३०, ११ ते १.३०, १० ते ४ साखरपुडा, आणि २ ते ४.३०. साखरपुड्याचे ६,०००, बाकीच्यांचे २,५०० प्रत्येकी. ॲपनं ६,००० बघून साखरपुडा उचलला आणि ७,५०० सोडले. पैशांचा मामला आला की अधाशीपणा चालत नाही, तिथं खतावणी मांडावी लागते. अर्ज संपण्याच्या वेळेनंच लावायचे, पण प्रत्येक ओळीपुढे 'इथवर जास्तीत जास्त किती' हा आकडा लिहायचा. हा अर्ज सोडला तर वरच्या ओळीचाच आकडा. घेतला तर त्याचं भाडं अधिक तो सुरू व्हायच्या आत संपलेल्या शेवटच्या ओळीचा आकडा. दोहोंतला मोठा ठेवायचा. पहिल्या ओळीला २,५००. दुसरीला ५,०००. साखरपुड्याला ६,०००, कारण त्याच्या आधी काहीच संपलेलं नाही आणि तरीही तो ५,००० पेक्षा मोठा. चौथ्याला २,५०० अधिक १.३० पर्यंतचे ५,०००, म्हणजे ७,५००. खालच्या ओळीतला आकडा हे उत्तर. लेक म्हणाली याला त्यांच्याकडे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला मागची बाकी पुढे ओढणं म्हणतात.

'देखभाल' नावाचा एक कप्पा आहे, त्यात प्लंबर, टाकी, लिफ्ट अशी कामं आणि त्यांच्या मुदती टाकता येतात. तिथं ॲप मुदत आधी त्याचं काम आधी लावतं, आणि ते अगदी बरोबर आहे; एकच माणूस एकामागून एक कामं करणार असेल तर सगळ्यात जास्त लांबलेल्या कामाचा उशीर यानंच कमीत कमी होतो. हा नियम जेम्स जॅक्सन यांनी १९५५ सालीच मांडलाय. प्लंबर वेळेवर येईल याची हमी त्यात नाही.

पाचपैकी तीन तारे देतो. दोन 'आधी संपणारा आधी' या ओळीसाठी, एक अर्ज गोळा करून मग वाटप करायच्या रीतीसाठी. तुमच्याकडे एकच हॉल असेल तर ३,५०० चा प्लॅन घ्या, घेतल्या दिवशी सेटिंगच्या तिसऱ्या पानावर जाऊन नियम बदला, आणि पंधरा मिनिटं हातानं वाढवा. खोल्यांसाठी घेऊ नका. भाड्यासाठी तर नकोच, वही बरी.

डी विंगचं बारसं शेवटी घरीच झालं, आणि मला पेढे आले ते मीटिंगमधल्या सगळ्यांना आले त्यापेक्षा एक कमी होते, हे मी मोजलंय. कमिटीची मीटिंग आम्ही पार्किंगमध्ये उभ्यानं घेतली. वीस मिनिटांत आटोपली.